पूजेत मांडलेल्या सहा कांड्या

“हे कोणी घासलंय?”

वर्टी बाईंनी विचारलं तेव्हा मी फळ्यावर टाचलेल्या माझ्या आलेखापाशी छडी घेऊन उभी होते. आलेखाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्या डब्यात बघत होत्या. डबा चकलीचा होता आणि आत कापसात गुंडाळलेल्या माझ्या सहा मोडक्या कांड्या होत्या. माझे कॉलेजातले मार्गदर्शक खासनीस सर म्हणाले होते, मुलाखतीला सोबत घेऊन जा, छाप पडते. पडली.

“कोणीच नाही,” मी म्हणाले. “लेथवरून आल्या तशाच मशीनवर लावल्या.”

“नक्की?”

“नक्की. सरांचा नियमच आहे. कारखान्यात शाफ्ट कोणी घासत बसत नाही, तेव्हा आपणही घासायचं नाही.”

बाईंच्या गळ्यात काळ्या नाडीला बांधलेलं भिंग होतं. ते त्यांनी डोळ्याला लावलं आणि एक कांडी उजेडात धरली. बाकीचे दोघे सदस्य चहात बिस्किट बुडवत होते.

हे चौऱ्याण्णव सालातलं. पुण्यातली एक सरकारी संशोधन संस्था, तिचा घनपदार्थ यामिकीचा विभाग, वर्टी बाई त्याच्या प्रमुख, आणि त्यात संशोधकाची जागा एकच. वयाची अट अठ्ठावीस. मला मे महिन्यात अठ्ठावीस पुरी होणार होती. आधी दोनदा मुलाखतीत नापास होऊन झालं होतं. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर सांगलीजवळच्या आमच्या कॉलेजात तासावर शिकवत बसायचं.

माझं काम सांगायला सोपं होतं. पोलाद एका दणक्यात मोडत नाही, पण थोडं थोडं वाकवत राहिलं की कधीतरी दमतं आणि मोडतं. त्याचं एक मशीन असतं. बोटाएवढी जाड, मध्ये बारीक केलेली कांडी त्यात अडकवायची, टोकाला वजन टांगायचं आणि फिरवायची. दर फेऱ्याला ती एकदा वाकते. मोडली की मशीन बंद पडतं आणि किती फेरे झाले ते काट्यावर दिसतं. सहा साध्या कांड्या दोन लाखांपासून नऊ लाखांपर्यंत कुठेही मोडायच्या. मी मात्र सहा कांड्या आधी मंद भट्टीत सहा तास शेकल्या, आणि त्या चोवीस ते सत्तावीस लाख फेरे टिकल्या. सहाच्या सहा! दोन वर्षांत माझ्या हाताला लागलेलं ते एकमेव यश होतं.

“लेथच्या रेघा कशा असतात?” बाईंनी विचारलं.

“आडव्या. कांडीभोवती, बांगड्यांसारख्या.”

“या बघा.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

रेघा बारीक होत्या, जवळजवळ नव्हत्याच. पण ज्या होत्या त्या उभ्या होत्या.

“उभ्या आहेत,” मी म्हणाले.

“तुमच्या कॉलेजात लेथ उभा चालतो का?”

एका सदस्याचं बिस्किट चहात पडलं.

“आणि भट्टीतून काढलेलं पोलाद काळंनिळं पडतं. हे तर निरांजनासारखं चकचकतंय. हे कसं?”

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. “ते मला माहीत नाही,” मी म्हणाले.

“आवटी,” बाई म्हणाल्या, “सकाळपासून तिघं येऊन गेले. तिघांनाही सगळं पाठ होतं. तुम्हाला निदान काय माहीत नाही ते कळलं. पुढच्या सोमवारपर्यंत मला लेखी उत्तर पोचू द्या. काय असेल ते. तोवर मी जागा कोणाला देत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या लॅबमध्ये गेले. शिकलगारमामा खिडकीशी बसून पान्यांना तेल लावत होते. दस्तगीर शिकलगार, आमचे लॅब अटेंडंट, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. खाकी सदरा, पांढरी टोपी. एखादा पाना जागेवर नसला तर प्राचार्यांनासुद्धा सुनवायचे.

“मामा, माझ्या भट्टीतल्या कांड्या तुम्ही घासल्या होत्या का?”

“व्हय की,” मामा म्हणाले. “चांगल्या टिकल्या न्हवं?”

मी स्टुलावर बसले.

“कधी घासल्या?”

“खंडेनवमीला. तुमी दसऱ्याला गावाला गेलता. जाताना भट्टीत घालून गेला, म्हनला थंड झाल्या की काढून ठिवा. मी काढल्या, तर ह्या काळ्याकुट्ट! आता पूजेला समदी हत्यारं मांडायची, तुमच्या कांड्या तेवढ्या काळतोंड्या कशा मांडायच्या? बाई दोन वर्सं रक्त आटीवत्यात त्याच्यासाठी.”

“आणि बाकीच्या सहा?”

“त्या आधीच चकचकीत व्हत्या. त्यांस्नी कशाला हात लावू?”

आमच्याकडे खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांची पूजा असते. सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू, विभागप्रमुख नारळ फोडतात. पूजा सर करायचे, पण चार दिवस आधीपासून सगळी हत्यारं घासून लखलखीत करायची ती मामांनी. ते शिकलगार. त्यांचे आजे-पणजे तलवारींना धार लावायचे. दसऱ्याआधी गावच्या पाटील-देशमुखांची हत्यारं त्यांच्या घरी यायची. आता तलवारी राहिल्या नाहीत, पण सवय हातात राहिली होती.

आणि मला आठवलं. दसऱ्यानंतर मी परत आले तेव्हा कांड्या टेबलावरच्या पाटावर ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला कुंकवाचं बोट लावलेलं. मी फडक्याने कुंकू पुसलं आणि पहिली कांडी मशीनवर चढवली. वहीत काहीच लिहिलं नाही. कुंकवाची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चकचकीत का दिसताहेत हेही मनात आलं नाही. सणाला सगळंच चकचकीत दिसतं.

“कशा घासल्या, दाखवा,” मी म्हणाले.

मामांनी पॉलिश पेपरच्या पट्ट्या काढल्या. तीन जातीच्या, एकीपेक्षा एक मऊ. पट्टीला तेलाचा थेंब, आणि कांडीच्या लांबीने वरखाली. आडवं कधीच नाही. मध्येच थांबून ते अंगठ्याचं नख कांडीवरून ओढायचे.

“नखाला लागलं तर अजून हाय. लागंना झालं की बास.”

“हे कोणी शिकवलं?”

“बापानं. चूक झाली की नखावरच मारायचा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. लेथच्या आडव्या रेघांतूनच तडा सुरू होतो, रेघा घालवल्या की पोलाद जास्त टिकतं, ही गोष्ट जगाला कितीतरी वर्षांपासून माहीत होती. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होती. माझ्या भट्टीने काही केलं होतं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

पहिल्या कांड्यांच्याच पोलादी गजातून केलेल्या चार कांड्या कपाटात शिल्लक होत्या. दोन मी भट्टीत घातल्या आणि मामांना बजावलं, “यांना हात लावायचा नाही. काळ्या तर काळ्या.” उरलेल्या दोन भट्टीत न घालता मामांनी घासल्या. मंगळवार ते शुक्रवार मशीन चालू ठेवलं. घासलेल्या दोन्ही पंचवीस-सव्वीस लाखांवर मोडल्या. भट्टीतली काळी पहिली चार लाखांवर मोडली. दुसरी सात लाखांवर.

म्हणजे माझी भट्टी पापड भाजायच्या कामाची होती.

मी त्या दिवशी रडले. लॅबमध्येच, बंद पडलेल्या मशीनपुढे. मामा पान्यांची पेटी तिसऱ्यांदा लावत बसले. त्यांना वाटलं, घासण्यात त्यांची काही चूक झाली. मी सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही. त्यांचा विश्वास बसला नाही.

शनिवारी खासनीस सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“यात काय एवढं? लिही, बाराही कांड्या घासलेल्या होत्या. मग फरक भट्टीचाच ठरतो.”

“पण साध्या सहा घासल्या नव्हत्या, सर.”

“त्या सहा वर्टी बाईंनी पाहिल्यात का?”

“नाही. त्या कांड्या इथेच आहेत.”

“मग घासून घे की. मोडलेले तुकडे आहेत ना? शिकलगारला दे, तासाभरात करेल. मागितलेच तर पाठवू.” सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “सुनंदा, तुझं वय निघून चाललंय. तुझा निबंध माझ्या नावावरही गेलाय, तेही बघ. आणि हे काही पाप नाही. थोडं पॉलिश आहे.”

खोटं कशाला बोलू? मला ते पटलं. खाली लॅबपर्यंत जिना उतरेपर्यंत पूर्ण पटलं. पत्राचा मजकूरसुद्धा मनात तयार झाला.

मी साध्या कांड्यांच्या बारा तुकड्यांचं खोकं मामांसमोर ठेवलं.

“मामा, एवढे घासून द्या.”

मामांनी एक तुकडा उचलला. मोडलेल्या टोकावर नख ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं.

“ह्या मोडल्यात.”

“हो. तरी घासा.”

“मोडल्यावर कशाला घासायच्या?”

“असू दे. लागतंय.”

“पूजेला?”

“नाही.”

“मग कुनाला दाखवायला?”

मामांनी तुकडा परत खोक्यात ठेवला, बाकीच्यांच्या रांगेत सरळ करून.

“बाई, राग मानू नका. आमच्यात मोडलेलं हत्यार घासत न्हाईत. माझा बाप तर घरात घ्यायचा न्हाई. एकदा गावच्या पाटलानं पाठीवली व्हती अशी तलवार, जावई बघाय येनार म्हनून म्यानात घालाय. बापानं परत पाठीवली. पाटील दोन वर्सं बोलत न्हवता.”

“आणि मग?”

“मग काय, न्हाई बोलला.”

मी खोकं उचललं आणि कपाटात ठेवलं. मामा पुन्हा तेलाचं फडकं घेऊन बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढंच करायचं होतं त्यांनी, आणि घासण्याची तर हौसच होती त्यांना!

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण एका वाक्याला इंग्रजी सापडेना, म्हणून ते लांबलं. मराठीत ते असं होतं: ‘सदर सहा नमुने भट्टीत काळे पडल्यामुळे खंडेनवमीच्या पूजेत मांडण्यापूर्वी प्रयोगशाळेतील श्री. दस्तगीर शिकलगार यांनी हाताने उभे घासले. ही नोंद मी ठेवली नाही, ही माझी चूक आहे. नव्या चार नमुन्यांवरून भट्टीचा परिणाम शून्य दिसतो.’ चार आकडे खाली दिले. खासनीस सरांनी सही करायला नकार दिला. एकटीच्या सहीने पाठवलं. पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं, हात घालून परत काढावं. पण पेटीचं तोंड अरुंद होतं.

तीन आठवडे काही नाही. मग एका दुपारी कॉलेजच्या टपालात पुण्याहून दोन पाकिटं आली.

माझं पातळ होतं. ‘आपली निवड होऊ शकली नाही याबद्दल खेद वाटतो.’ मी ते दोनदा वाचलं, घडी घालून खणात ठेवलं, आणि खण लावला. मग परत उघडून नीट लावला.

तेवढ्यात मामा आले. त्यांच्या हातात जाड पाकीट.

“बाई, माझ्या नावानं इंग्लिशमदी काय आलंय बगा. पेन्शनीचं कायतरी आसंल. कुटं सही करू?”

मी पाकीट उघडलं. वर्टी बाईंची सही ओळखीची होती.

“वाचा की.”

“वाचते.” मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “तुम्हाला पुण्याला बोलावलंय. तीन महिन्यांसाठी. पाहुणे तंत्रज्ञ म्हणून. राहायची सोय आहे, मानधन आहे.”

“मला? कशापायी?”

मी पुढचं वाचून मराठीत सांगत गेले. बाईंनी लिहिलं होतं की, घासलेलं पोलाद जास्त टिकतं हे आम्हाला माहीत आहे, त्यात नवीन काही नाही. पण हाताने घासलेल्या आठ कांड्या, आणि आठही चोवीस ते सत्तावीस लाखांत मोडतात, हे आम्ही कधी पाहिलेलं नाही. आमच्याकडे महागडं पॉलिश मशीन आहे. त्याच्या आठ कांड्या आठ तऱ्हांनी मोडतात. एकसारख्या कांड्या नसल्यामुळे आमचे तीन प्रकल्प अडले आहेत. लोखंड का मोडतं हे सांगणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. श्री. शिकलगार यांनी यावं.

मी कागद खाली ठेवला.

आता सांगायला हरकत नाही, मला मत्सर वाटला. घाणेरडा मत्सर. मी दोन वर्षं त्या मशीनपुढे बसले होते, आणि बोलावणं आलं पॉलिश पेपरच्या पट्टीला.

मामा बराच वेळ पाकिटावरचं आपलं नाव बघत होते. नाव इंग्रजीत होतं, पण तेवढं त्यांना वाचता येत होतं.

“आन् तुमचं काय आलं?” त्यांनी विचारलं.

“माझंही आलं.”

“काय लिवलंय?”

“‘नाही’ असं लिहिलंय.”

“का म्हनून?”

“भट्टी खोटी निघाली ना.”

मामा स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं.

“उत्तर लिवायला लागंल,” ते म्हणाले. “तुमी लिवा, मी सांगतो.”

मी कागद घेतला. सप्रेम नमस्कार, पत्र मिळालं, येतो.

“पुढं लिवा. आवटी बाईंनी कांड्या भट्टीत घातल्या नसत्या तर काळ्या पडल्या नसत्या. काळ्या पडल्या नसत्या तर मी घासल्या नसत्या. तवा ह्या कामात बाईंचाबी वाटा हाय.”

“मामा, हे लिहायचं नसतं.”

“का? खोटं हाय?”

“खोटं नाही, पण...”

“मग लिवा. तिथं इंग्लिशमदी कोन काय बोलनार ते मला कसं कळायचं? मला मानूस लागनार. ते बी लिवा.”

मी लिहिलं, शब्दाला शब्द. माझ्याच वशिल्याचं पत्र माझ्याच अक्षरात, खाली मामांची सही. सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली, कारण ती त्यांनी सरळ रेषेत केली.

उत्तर आठ दिवसांत आलं. दोन ओळींचं होतं. ‘तर्क बिनचूक आहे. एक मदतनीस रोजंदारीवर आणता येईल, मात्र त्यांनी घासायला शिकलं पाहिजे.’

मार्चच्या पहिल्या सोमवारी आम्ही पुण्यात संस्थेच्या फाटकाशी उभे होतो. मामांचा सदरा नवा होता. पहारेकऱ्याने दोन पास दिले. मामांच्या पासवर होतं, ‘श्री. डी. बी. शिकलगार, पाहुणे तंत्रज्ञ.’ माझ्या पासवर होतं, ‘कु. सुनंदा आवटी, श्री. शिकलगार यांच्या मदतनीस.’ पहारेकऱ्याने मामांना सलाम केला आणि मला पिशव्या उचलायला सांगितल्या.

मामांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. मला त्यांच्या शेजारचं स्टूल. वर्टी बाई रोज सकाळी येऊन उभ्या राहायच्या, काही विचारायच्या नाहीत, मामांच्या हाताकडे बघायच्या आणि जायच्या. मी एक कांडी घेऊन बसले होते. पट्टी, तेल, वरखाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी मामांनी त्यावरून नख ओढलं.

“लागतंय.”

दुसऱ्या दिवशी. “लागतंय.”

चौथ्या दिवशी मी म्हणाले, “मामा, मला तर काहीच लागत नाही.”

“तुमचं नख नवं हाय.”

आठव्या दिवशी माझ्या बोटांची सालं निघाली होती. मी पट्टी टेबलावर आपटली. म्हणाले, मी शिकलेली बाई आहे, मला हे जमणार नाही. मामांनी पट्टी उचलली, सरळ केली, तेलाचा थेंब टाकला आणि परत माझ्या हातात दिली.

बाराव्या दिवशी त्यांनी कांडी घेतली, खिडकीकडे धरली, नख ओढलं. परत ओढलं. उलट बाजूने ओढलं. समोर वर्टी बाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

मामांनी कांडी फडक्याने पुसली आणि त्यांच्या स्वतःच्या कांड्यांच्या डब्यात, ओळीत, पुढच्या जागेवर ठेवली.